तंबूतली कुऱ्हाड

अजहरनं आजवर किती मुंडकी उडवली, हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. बसल्या जागी, चहा पीत पीत उडवली. रक्ताची चिळकांडी किती उंच जावी, धड आधी गुडघ्यावर यावं की सरळ आडवं व्हावं, हे सगळं तो माऊस सरकवत ठरवायचा. आणि हाच गडी, घरात कोंबडी कापायची म्हटली की गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. असा शूर माणूस.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रस्त्याला लागून त्याच्या बापाचं लोहारकीचं दुकान. दिलावर मिस्त्री म्हणून बाप पंचक्रोशीत ओळखीचा. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा म्हणजे आडवी पाती; दिवसभर पुढं घणाची ठोकाठोक आणि मागच्या खोलीत अजहरच्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. लहानपणी बापानं त्यालाही घणावर उभं केलं होतं. पोरानं हाताला फोड आणले, पायावर तापलेली कांब पाडून घेतली आणि शेवटी वाशीमला एका इंजिनिअरकडं, न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करायला जाऊन बसला. तिथंच त्याला दोन डोळ्यांच्या चित्राचं वेड लागलं.

वेड तसं सोपं आहे. आपल्या दोन डोळ्यांत तीन-चार बोटांचं अंतर असतं, म्हणून डावा डोळा जे बघतो ते उजवा जरा निराळं बघतो, आणि त्या फरकातून डोक्याला कळतं की भिंत लांब आहे आणि खुर्ची जवळ. अजहर कॉम्प्युटरमधल्या जंगलात असेच दोन कॅमेरे शेजारी शेजारी उभे करायचा. एकाचं चित्र लाल, दुसऱ्याचं निळं. पुठ्ठ्याचा लाल-निळा चष्मा लावला की ज्याचं चित्र त्याच्या डोळ्यात जातं, आणि पडद्यावरची फांदी अशी अंगावर येते की माणूस हात आडवा धरतो. कॅमेरे एकमेकांपासून आणखी दूर सारले की खोलीही वाढते. जिथं नुसता पोचा आहे तिथं खड्डा दिसतो.

या खुळाला सतीश भेटला. सतीशचा तंबू होता, गावोगावच्या जत्रांत फिरणारा. आधी त्यात आरसे असायचे, जाडा माणूस बारीक दिसायचा. लोक त्याला कंटाळले. मग दोघांनी मिळून ‘बिनमुंडक्याचा लाकूडतोड्या’ काढला. गोष्ट अशी काही नाही. शीर नसलेला एक लाकूडतोड्या जंगलात येईल त्याला तोडत सुटतो आणि शेवटी प्रेक्षकांकडं वळून कुऱ्हाड भिरकावतो. ती फिरत फिरत येते आणि नाकापुढं हातभर अंतरावर थबकते. त्याच क्षणी सतीश पडद्याआडून बाटलीनं पुढच्या रांगेवर पाण्याचा फवारा मारायचा. बायका किंचाळायच्या, बापे खाली वाकायचे, आणि बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे. जत्रेत दुसऱ्या कशाला एवढी गर्दी नव्हती.

कुऱ्हाड मात्र अजहरनं मनानं केली नव्हती. लोहाराचं पोर ते. कुऱ्हाडीच्या बाबतीत खोटं चालवून घेणं त्याला जमेना. दुकानात धारेला आलेल्या ढिगातून त्यानं एक पातं उचललं होतं, जुन्या पोलादाचं, नाकीडोळी नीट म्हणावं असं. त्याच्याभोवती फिरून फोनवर सगळीकडून फोटो काढले, त्या फोटोंवरून सॉफ्टवेअरनं आकार उभा केला, वर त्यानं आपल्या मनानं दांडा बसवला आणि धारेला रक्त लावलं. पातं गुळगुळीत दिसायला लागलं तेव्हा लोखंड लोखंडासारखं वाटावं म्हणून त्यावरचे बारीक पोचे त्यानं मुद्दाम खोल केले, उजेड बाजूनं टाकला आणि कॅमेरे चांगले लांब सारले. बापाला पडद्यावर दाखवलं तर बापानं चष्मा लावायलाच नकार दिला.

"वजन नाई तिले," दिलावर म्हणाला. "वजन नाई त्याले मी लोखंड म्हनत नाई."

शिरपूरच्या पलीकडं एका गावाला जत्रा होती, तिथं ही गोष्ट घडली. भर दुपारी तंबूत अंधार करून खेळ चालू होता. कुऱ्हाड सुटली, फिरत आली, माणसं सवयीप्रमाणं खाली वाकली. एक म्हातारी तेवढी वाकली नाही. तिनं हात पुढं केला आणि हवेत मूठ आवळली. प्रोजेक्टरमागं बसलेल्या अजहरला ते दिसलं आणि हसू आलं. तिच्या शेजारचा धिप्पाड माणूस गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

खेळ सुटल्यावर म्हातारी प्रोजेक्टरपाशी आली.

"कुऱ्हाड कोनाची हाये रे, बापू?"

"कोनाचीच नाई, मावशी. मी बनवली कॉम्प्युटरवर."

"बनवली तं बनवली. पाहून बनवली का मनानं?"

"पाहून. आमच्या दुकानात आल्ती कोनाची तरी. दिलावर मिस्त्रीचा पोरगा मी."

"मंग थे माह्या शिवमची हाये," ती म्हणाली आणि खाली बसून तिनं धुळीत बोटानं दोन उभ्या रेघा ओढल्या, त्यांच्यावरून एक तिरपी. "हे आमच्या घराची खूण. तुया बापानंच ठोकेल हाये. आमच्या इळ्यावर हाये, खुरप्यावर हाये, समद्यावर हाये. धारही अजून तुमच्याचकडून लावून नेते मी."

यात तिची चूक काढायला जागा नव्हती. दिलावरचा रिवाजच तसा. दहा घरच्या कुऱ्हाडी एकदम आल्या तर अदलाबदल होते, म्हणून तो प्रत्येक घराची वेगळी खूण छन्नीनं पात्याच्या मानेवर ठोकायचा. पण अजहरनं ते पातं शंभर वेळा फिरवून पाहिलं होतं. खूण असती तर त्याला दिसली नसती का? त्यानं लॅपटॉपवर कुऱ्हाड उघडून तिच्यापुढं धरली. मानेवर नुसतं खडबडीत लोखंड.

"पाह्य, काहीच नाई."

"असं नाई. चष्मा लाव."

त्यानं चष्मा लावला. आणि मानेवरचे ते पोचे, जे त्यानं स्वतःच्या हातानं खोल केले होते, दोन उभ्या चरांसारखे आत गेले, त्यांच्यावरून एक तिरपा. कुणीतरी तापवून, घण मारून खूण बुजवली होती. उघड्या डोळ्याला ती दिसत नव्हती. दूर सारलेल्या दोन कॅमेऱ्यांनी ती वर काढली होती.

तुळसाबाई नाव तिचं. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक शिवम दोन वर्षांपूर्वी विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि दिवेलागणीला सापडला तो हौदाच्या कडेला, मान अर्धी तुटलेली, एक हात पाण्यात. घाव एक नव्हता. कुणी म्हणालं सात, कुणी म्हणालं नऊ. आईनं मोजले नाहीत. त्याची स्वतःची कुऱ्हाड मात्र तिथं नव्हती, ती पुढंही सापडली नाही. पोलिसांनी दोन सालदार धरले आणि सोडून दिले. प्रेताला अग्नी दिला दिरानं, जगदेवनं. सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला होता. आता तिचं वावरही तोच बघायचा आणि दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवायचा. मघाशी शेजारी गुडघ्यात डोकं घालून बसला होता तो हाच. आता तिकडं जिलेबीच्या दुकानापाशी उभा होता.

"मले एवढंच सांग," तुळसाबाई म्हणाली, "तुमच्या दुकानात थे आनली कोनं?"

"मले ठाऊक नाई. अब्बाले इचारतो. उद्या सांगतो, मावशी."

संध्याकाळी दिलावर भट्टीपुढं बसला होता. अजहरनं सगळं सांगितलं, धुळीतल्या रेघांसकट. दिलावर ऐकून घेऊन उठला, घण उचलून मागच्या खोलीत गेला आणि त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो घातला. एकदा, दोनदा. काच उडाली, टेबलाची फळी चिरली. मग खालचा डबा. आतला पंखा वाकडा होऊन तरी फिरत राहिला, त्याच्यावर तिसरा. ज्या बापानं आयुष्यात पोरावर हात उगारला नव्हता, त्याचं हे रूप पाहून अजहर भिंतीला चिकटला.

"सांगलं होतं तुले?" दिलावर धापा टाकत म्हणाला. "माह्या दुकानातलं काही उचलून नेतांनी इचारत जाय म्हून?"

"कोनं आनली, अब्बा?"

दिलावर काचांतच खाली बसला.

"जगदेवनं. नुसतं पातं होतं, दांडा नव्हता. म्हने नवी धार काढ आन् जुनी खूण बुजव. पातं हातात घेतल्याबरोबर मले समजलं. मीच ठोकेल खूण, शिवमच्या बापाच्या वक्ताची. काका-पुतण्याचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडन होतं, थेही ठाऊक होतं. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्यानं बिडी पेटवली आन् म्हने, पोट्टा तुया वाशीमहून एकटाच येते ना मोटरसायकलवर? एवढंच म्हनला. मी भाता चालू केला."

"फेकून काहून नाई देल्ली त्यानं?"

"असं पोलाद आता भेटत नाई, बेटा. फेकवलं नसन त्याच्यानं."

एका लोखंडापायी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या पुतण्याला तोडणारा माणूस, पण चांगलं पातं फेकायला त्याचा जीव झाला नाही. आणि हा दुसरा, तिकडं खून झालेला कळूनही पोराच्या जिवासाठी भाता चालू करणारा. अजहरला बापाची कीव आली आणि त्याच श्वासात त्याचा इतका संताप आला की त्याला खोलीत थांबवेना.

"थे बाई दोन वर्सांपासून तुमच्याकडं धार लावाले येते," तो म्हणाला. "आन् घरी जाऊन त्यालेच भाकरी वाढते. माहीत हाये तुमाले."

"हाये."

"मी सांगतो तिले उद्या."

"तू नाई. ज्यानं बुजवली त्यानंच सांगा लागते. मी येतो तुया तंबूत."

इकडं बापलेकांचं हे ठरत होतं, तोवर तिकडं तुळसाबाईनं नको ते करून ठेवलं होतं. तिचा दिरावर कसला संशय? घरातला कर्ता माणूस तो. तिनं भाकरी वाढता वाढता त्यालाच सांगितलं, की आपल्या शिवमची कुऱ्हाड दिसली, लोहाराचं पोरगं उद्या नाव सांगणार आहे. जगदेव जेवून उठला. सकाळी तोच तिला म्हणाला, चाल, मीही येतो. हातात त्यानं पोतं गुंडाळून घेतलं होतं. जत्रेतून मिठाचे खडे आणायचे आहेत म्हणाला.

दुसऱ्या दिवशीचा दुपारचा खेळ. शेवटचा दिवस म्हणून तंबू खच्चून भरलेला. लॅपटॉप शाबूत होता, त्यामुळं खेळ थांबायचं कारण नव्हतं. तुळसाबाई पुढच्या रांगेत, शेजारी जगदेव, पायाशी पोतं. दिलावर उशिरा पोचला. लाकूडतोड्यानं तोवर दोन माणसं आणि एक घोडा कापला होता. अंधारात वाट काढत, माणसांचे गुडघे ओलांडत तो तुळसाबाईपाशी गेला आणि तिच्यापुढं खाली उकिडवा बसला. इतक्या दिवसांत त्यानं पोराचा खेळ पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही पाठमोरा. अजहरला प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचं पांढरं डोकं दिसत होतं. डोकं हलत होतं. बाप बोलत होता.

बोलणं फार लांबलं नाही. तुळसाबाईनं चष्मा काढला आणि मान वळवून शेजारी पाहिलं.

जगदेव उभा राहिला. पोतं खाली पडलं. त्याच्या हातात तीच कुऱ्हाड होती, नव्या दांड्याची, आणि मागं पडद्यावर बिनमुंडक्याचा लाकूडतोड्या तीच कुऱ्हाड डोक्यावर फिरवत होता. तंबूभर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, सतीशनं शेवटच्या दिवसाची म्हणून काहीतरी नवी युक्ती काढली. मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "हान त्याले." आणि त्यानं खरंच हाणली.

पहिला घाव दिलावरच्या उजव्या दंडावर बसला. लाकूड फोडताना येतो तसा आवाज आला. पुढच्या रांगेवर शिंतोडे उडाले आणि पुढची रांग हसली, कारण पाण्याचा फवारा येतो हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. लाल-निळ्या चष्म्यातून रक्त काळपट दिसतं. एका बाईनं हसत हसत गाल पुसला आणि पाणी गरम कसं म्हणून हाताकडं पाहत राहिली. दिलावर कुशीवर पडला होता आणि त्याचा हात कातड्याला लोंबत होता. तो ओरडत होता, पण लाउडस्पीकरमधून त्याहून मोठ्यानं दुसरंच कुणी ओरडत होतं.

अजहर जागचा हलला नाही. हे त्याला पुढं कितीतरी दिवस डाचत राहिलं. इतकी मुंडकी उडवलेला माणूस, आणि खऱ्या घावाला तो लॅपटॉपपुढं बसून राहिला. जगदेवनं दुसरा घाव उगारला तो दिलावरच्या डोक्यावर. तेवढ्यात तुळसाबाईनं हात पुढं केला. आदल्या दिवशी तिच्या मुठीत हवा आली होती. आज दांडा आला. दोन्ही हातांनी ती त्याला लोंबकळली. जगदेवनं तिच्या पोटात गुडघा मारला, तोंडावर कोपर मारलं, तिचे दात ओठांतून बाहेर आले, पण तिनं दांडा सोडला नाही.

"सोड, वहिनी, नाई तं तुलेही तोडतो," तो म्हणाला. तंबूतल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलं. तेव्हा कुठं चष्मे उतरले.

अजहर प्रोजेक्टरची लोखंडी तिवई घेऊन धावला. प्रोजेक्टर खाली आदळून विझला आणि अंधारात त्यानं तिवई हाणली. कुठं लागली ते दिसलं नाही, पण हाड मोडल्याचं खांद्यापर्यंत कळलं. कॉम्प्युटरवर हाड मोडताना हाताला काही लागत नाही. इथं मनगटात कळ आली, तरी त्यानं पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. सतीशनं कनात वर फेकली आणि ऊन आत आलं. मग सगळी जत्राच जगदेववर पडली. चपला, काठ्या, तंबूचे खुंटे, ज्याला जे मिळालं ते. पोलीस आले नसते तर त्याचा चेंदामेंदा झाला असता. तो जगला. पण कुऱ्हाड तुळसाबाईच्या हातातून घ्यायला दोन शिपाई लागले.

दिलावरचा हात दवाखान्यात कोपराच्या वरून कापावा लागला. तो शुद्धीवर आल्यावर पोलिसांचे साहेब जबाब घ्यायला आले. अजहरनं बापाच्या कानाशी वाकून सांगितलं की जगदेवनं आनली एवढंच म्हना, बुजवल्याचं बोलू नोका, तुमच्यावरही केस होईन. बापानं त्याच्याकडं पाहिलं सुद्धा नाही.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "खूण मी ठोकली आन् मीच बुजवली. समजून-उमजून बुजवली."

तुळसाबाई आली ती त्यानंतर. ओठावर टाके, एक डोळा काळानिळा. अजहरनं उठून स्टूल दिलं, ती बसली नाही. पिशवीतून तिनं विळा काढला.

"दोन वर्सं तू याले धार लावली, दिलावरभाई," ती म्हणाली. "एकडावही पैसे घेतले नाई. मी गावात सांगत फिरली, मालेगावचा लोहार देवमानूस हाये म्हून. आन् तुले ठाऊक होतं मी घरी कोनाले वाढून राह्यली थे."

तिनं त्याच्या मुस्कटात मारली. साऱ्या वॉर्डानं माना वळवल्या. दिलावरनं तोंड तसंच पुढं धरून ठेवलं, पण तिनं पुन्हा मारलं नाही. विळा अजहरपुढं धरला.

"याच्यावरची खूण बुजवून दे. तुया बापाच्या हातची मले नोको."

ती त्याच्याबरोबरच बसनं मालेगावला आली आणि दुकानाच्या दारात उभी राहिली. अजहरनं भट्टी पेटवली. पोरपणानंतर त्यानं घण हातात घेतला नव्हता. विळा लाल झाला तसा ऐरणीवर धरून तो घाव घालत गेला, वेडेवाकडे, हात भरून येईपर्यंत. प्रत्येक घावाला त्याला बापाचा दंड आठवत होता आणि जगदेवचं मोडलेलं हाड. मग त्यानं विळा पाण्यात बुडवला, पुसला आणि उजेडात धरला. मान सपाट झाली होती.

"गेली का?" तुळसाबाईनं विचारलं.

"डोयाले दिसत नाई आता."

"आन् तुया चष्म्यातून?"

अजहरला खोटं बोलता आलं असतं.

"चष्म्यातून दिसन, मावशी," तो म्हणाला.

तिनं मानेवरून अंगठा फिरवला. विळा अजून कोमट होता. तो तिनं पदरात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि शिरपूरच्या बसला जाऊन बसली. तिच्या वावरात सोयाबीन सोंगायला आलं होतं.